झाकून लिहिलेली वही

३ मार्च
उपासनाने आज तिसरा सर्व्हर लिनक्सवर नेला. हॉस्पिटलांच्या ऑर्डर्सचा तेवढा उरला. नागपूरची पोरगी, तिशीही उलटली नाही! जुनी सिस्टिम मी बावीस वर्षं सांभाळली, पण तिच्या आत काय आहे ते विकणाऱ्या कंपनीने कधी बघू दिलं नाही. ही म्हणते, "लिनक्सचं आतलं सगळं उघडं आहे, बघा ना यार!" मला यार म्हणाली – मग जीभ चावली. किती हसलो दोघी!

५ मार्च
जगन्नाथने, आमच्या मॅनेजरने, आज स्पष्टच सांगितलं – काम संपलं की दोघींपैकी एकच राहणार. ती व्हिसावर. नोकरी गेली तर हातात साठ दिवस; तेवढ्यात दुसरी शोधायची, नाहीतर परत नागपूर. मी अमेरिकन सिटिझन, पण मॉरिसव्हिलच्या त्या घरात माझी वाट बघणारं कोण आहे?
आणि उपासना कामाची प्रत्येक पायरी लिहून ठेवते, कुणालाही समजेल अशी!
"अगं, सगळं लिहिलंस तर तुझी गरज काय उरेल?"
"मावशी, मी आजारी पडले तर लोकांनी काय करायचं?"
कॉन्व्हेंटमध्ये आम्ही डाव्या हाताने पेपर झाकून लिहायचो. सिस्टर शाबासकी द्यायच्या.

७ मार्च
ऑर्डर्सचाही लिनक्सवर गेला. चारही!

१० मार्च
एका हॉस्पिटलची ऑर्डर दुप्पट झाली. ग्लोव्ह्जची खोकी ट्रकमध्ये डबल चढली. जगन्नाथ तिला सगळ्यांसमोर बोलला. ती दिवसभर स्वतःची चूक शोधत बसली. जेवलीही नाही.
चूक तिची नाहीच. ते हॉस्पिटल दर सोमवारी एकच ऑर्डर दोनदा पाठवतं. दुसरी गाळणारा छोटा प्रोग्रॅम जुन्या सिस्टिममध्ये मीच २००६ साली लिहिला होता. तो नव्यावर आलाच नाही, कारण त्याची नोंद फक्त माझ्या निळ्या वहीत.
बोलले नाही.

११ मार्च
सकाळी वही तिच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं – कालपासून माहीत होतं, तेही. तिने वही उघडली. मग पानं उलटत म्हणाली, "मावशी, अक्षर काय सुंदर हो तुमचं!"
संध्याकाळी ऑफिसभर दिसणारी तिची नोंद वाचली. डबल ऑर्डरचं कारण नीलांबरीने, म्हणजे मी, शोधलं, असं लिहिलंय. मी लपवल्याचा एक शब्द नाही. कुठून आणलं एवढं मोठं मन?

१३ मार्च
जगन्नाथने बोलावलं. "काकू, ठरलं. तुम्हीच राहा. तिने सगळं लिहून ठेवलंय, तुम्हाला सहज जमेल."

१४ मार्च
राजीनामा दिला. सोमवारी मी गप्प बसले होते, तेही त्यात लिहिलं. हाताने न झाकता.