तिसरी टोपली

बेहाला, कोलकाता
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

चि. सौ. रजनीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे इकडे ठीक आहोत, तुम्हीही तसेच असाल. केवळ तुझ्या गुडघ्याची चौकशी करावी म्हणून हे पत्र लिहितो आहे, दुसरं काही काम नाही. (हातात मोबाइल असताना पत्र कशाला, असं मनोहरराव म्हणतीलच. त्यांना सांग, ज्या माणसाने रेल्वेच्या डाकडब्यात बसून जन्मभर परक्यांची पत्रं गावोगावच्या खणांत टाकली, त्याला कधीतरी आपलंही एखादं टाकावंसं वाटतं.) तिळाचं तेल चोळतेस ना? चोळत जा.

तुझी ताई गेल्यावर सौरभ मला इकडे घेऊन आला, त्याला आता वर्ष होऊन गेलं. मुलगा चांगला, सूनबाई चांगली, नात मुग्धा तर गोडच. फक्त ती माझ्याशी बोलत नाही. रुसलेली नाही गं. पूर्वी ती रोज आजीशी फोनवर मराठीत बोलायची, तेवढंच तिचं मराठी. आजी गेली, तेही गेलं. आता शाळेत इंग्रजी, खाली खेळताना बंगाली, लिफ्टमध्ये हिंदी, आणि माझ्या वाट्याला मान डोलावणं. दुपारी ती शाळेतून आली की आम्ही दोघं खिडकीत बसून मेट्रो बघतो. रस्त्याच्या वरच्या वर ती अशी अलगद जाते की डोळे अर्धवट मिटले तर वाटतं, मेट्रो जागेवरच आहे, आपलीच इमारत कुठेतरी निघाली आहे. मी चहा पितो, ती दूध पिते, आणि इमारत जात राहते. रजनी, मला या पोरीचं बोलणं हवं होतं. पुढे जे काही उपद्व्याप केले ते सगळे त्यापायी.

झालं असं, की इथल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गाला मुलं येईनात. तेव्हा कार्यवाह जयप्रकाशरावांनी काळाबरोबर जायचं ठरवलं: मुलांना मराठीतून कोडिंग शिकवायचं, त्यांनी विज्ञानाचा एक सॉर्टिंगचा खेळ तयार करायचा आणि गणेशोत्सवात दाखवायचा. कोडिंग म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण सॉर्टिंग ऐकलं आणि माझा हात आपोआप वर गेला. आयुष्यभर दुसरं केलं काय मी? (बागबाजारला एके काळी मराठे शहरात शिरू नयेत म्हणून खंदक खणायला घेतला होता. आता मराठी शहराबाहेर पडू नये म्हणून मला नेमलं. खंदक बरा होता असं नंतर काही पालकांचं मत पडलं.)

खेळ साधा. कॉम्प्युटरवर रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की चित्रं आपण सांगू तशी वागतात. वरून गाय, दगड, आंबा, बादली असं काहीबाही पडणार. खाली दोन टोपल्या, सजीव आणि निर्जीव. माऊसने चित्र धरायचं, टोपलीवर न्यायचं, सोडायचं. पहिल्याच रविवारी माझ्याकडून एक उणे चिन्ह राहिलं आणि सगळं खालून वर जायला लागलं. गाय निघाली, तिच्यामागे दगड, त्यामागे बादली. बाहेर श्रावणातली ऊन-सावली चालली होती, पंखा रेंगाळत फिरत होता, आणि आम्ही सगळे माना वर करून, गाय दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. तिला खाली आणावं असं कुणालाच वाटेना. शेवटी केतकीने (बँकेतल्या साहेबांची मुलगी, सातवीत आहे, हिला सगळं येतं) ती आणली, तेव्हा मला थोडं वाईटच वाटलं.

खरा घोटाळा पुढेच आहे. वर्गाचा पहिला भाग विज्ञानाचा, दुसरा सणावारांचा, आणि मी दोन्ही एका दमात शिकवलं. हालचाल करतो तो सजीव, हे सांगून पाणी प्यायलो. मग सांगितलं, की गणपती मातीचा असला तरी प्राणप्रतिष्ठा झाली की मूर्तीत प्राण येतो, आणि उत्तरपूजेनंतर मूर्ती जागची जराशी हलवली की तो जातो. पुढच्या रविवारी खेळात वरून गणपती आला. केतकीने सरळ निर्जीव टोपली गाठली. इथली मुलं रस्त्याच्या कडेला पेंढ्याचे आणि मातीचे देव वाळताना बघतात, त्यांना काय फसवणार? पण वर्गात तिच्या शेजारीच बसणाऱ्या मुग्धाने तिचा हात धरला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, सायन्समध्ये हलला तो जिंदा. मग गणपती हलला तर मरतो का?"

मी नुसता खोकलो. उत्तर येत नसल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. मग तिनेच तिसरी टोपली काढली आणि तिच्यावर नाव घातलं: थोडे दिवस. त्या दिवसापासून दुपारची खिडकी बोलायला लागली. दिवा कुठे घालायचा, बर्फ कुठे, पावसाने साचलेलं तळं कुठे, आणि खाली चहा देणाऱ्याच्या मातीच्या भांड्याचं काय. तिचं मराठी तीन भाषांच्या ठिगळांचं आहे, पण ऊब देतं.

उत्सवात पहिला डाव मलाच खेळायला बसवलं. गाय, दगड सुखरूप पोचले. गणपती तिसऱ्या टोपलीत गेल्यावर लोक हसले. (पूजेचे गुरुजी हसले नाहीत. ही टोपली कुणाला विचारून ठेवली, असं त्यांनी जयप्रकाशरावांना विचारलं.) आणि मग वरून, अगदी हळूहळू, तुझी ताई आली. निळ्या पातळातला, हसताना डोळे मिटलेला तो फोटो. मुग्धाने कुणालाच सांगितलं नव्हतं. माऊस दाबून ठेवला की चित्र खाली पडत नाही. मी दाबून धरला. सोडवेना. जयप्रकाशरावांना वाटलं कॉम्प्युटर अडकला. कुणी चार्जर आणायला धावलं, कुणी उगाचच पंखा बंद केला. तेवढ्यात मुग्धा जवळ आली आणि माझ्या हातावर हात ठेवून कानात म्हणाली, "आजोबा, छोडा ना. आजी पडणार नाही. मी खाली टोपली ठेवली आहे."

सोडला. गुण काही मिळाला नाही. त्या टोपलीत गुण द्यायचे नाहीत असं तिने कॉम्प्युटरला आधीच सांगून ठेवलं होतं. मी रडलो. मराठीच्या प्रेमाने आजोबांना गहिवरून आलं असं जाहीर करून जयप्रकाशरावांनी मला नारळ दिला.

मुलांना आशीर्वाद, मनोहररावांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा भाऊजी,
श्यामकांत

ता. क. : गुडघ्याचं सौरभकडून फोनवर कळलंच होतं. काम वेगळंच आहे. खेळात चूक झाली की नुसती घंटा वाजते, आणि मुग्धा म्हणते तिथे आजी बोलायला हवी. फोनवर तू आणि ताई ओळखू येत नव्हतात, मीसुद्धा कितीदा फसलो आहे. तेव्हा मोबाइलवर 'अगं, नीट बघ, परत कर' एवढं तिच्यासारखं म्हणून पाठव. रागावून म्हणू नकोस, ती रागावत नसे. (माझ्यावर रागवायची, पण तो खेळ वेगळा.)

ता. क. दुसरा : त्यातच शेवटी एकदा नुसतं 'अहो' म्हण, मनोहररावांना सांगून. ते खेळात घालायचं नाही.