फीत बांधलेल्या वजनकाट्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
बालरुग्ण विभाग, सरकारी रुग्णालय.

विषय : नातीचे खरे वजन केसपेपरवर लिहून घेणेबाबत.
संदर्भ : माझा आधीचा अर्ज, जो आपल्या कार्यालयात सापडत नाही.

महोदय,

मी किराणा दुकानदार. माझी चार वर्षांची नात आपल्याकडे खाट क्र. ९ वर दाखल आहे. वॉर्डात सुरक्षित उपचारांचे प्रमाणपत्र टांगले आहे. ते मी रोज वाचतो, कारण वाचायला दुसरे काही नाही.

१. मुलांना औषध वजनावर देतात, हे डॉक्टरांनीच सांगितले. नवा वजनकाटा चार महिन्यांपूर्वी आला, पण मोठ्या साहेबांना उद्घाटनाला सवड नाही, म्हणून त्याला लाल फीत बांधून ठेवली आहे. नवा आला म्हणून जुना भंगारात गेला. तेलही गेले, तूपही गेले, हाती फीत आली.

२. तोवर सिस्टर मुलांना उचलून अंदाज सांगतात. "आजोबा, वीस वर्षांचा हात आहे," म्हणाल्या. हाताला नाव ठेवत नाही. पण नातीला उचलले ते जाड ब्लँकेट आणि कवटाळलेल्या पाण्याच्या बाटलीसकट. कागदावर एकोणीस किलो चढले.

३. पहिल्या इंजेक्शननंतर पोर दिवसभर जागी होईना. सून काळजीने अर्धी झाली. मीही घाबरलो, खोटे कशाला सांगू? आज सकाळी दुकानातला काटा खांद्यावर घेऊन आणला. नात भरली तेरा किलो दोनशे. डॉक्टर म्हणाले, खासगी काट्याचा आकडा कागदावर चढत नाही. रखवालदाराने काटा बाहेरची वस्तू म्हणून ठेवून घेतला.

४. माझ्या काट्यावर दरवर्षी निरीक्षक शिक्का मारून जातात. साखर दहा ग्रॅम कमी भरली तर माझी खैर नाही. इथे पोर सहा किलो जास्त भरली, तर कुणाच्या कपाळाला आठी नाही. साखरेइतके तरी लाड तिचे व्हावेत.

तरी एकोणीस खोडून तेरा लिहावे. ते जमत नसेल तर उद्घाटन नातीच्या हस्ते उरकावे. साहेबांनी भाषण मागाहून सवडीने करावे, आम्ही टाळ्या वाजवू.

अर्जाचे उत्तर सात दिवसांत मिळेल, अशी पाटी आपल्या खिडकीवर आहे. नातीचे पुढचे इंजेक्शन उद्या सकाळी दहाला आहे.

आपल्या दाराबाहेरच बसलेला,
खाट क्र. ९ चा आजोबा
सोमवार, दुपारी चार

सोबत :
१. माझ्या काट्याच्या तपासणी दाखल्याची प्रत
२. कात्री