मामाजींना पुस्तक कोण सांगणार

३ जानेवारी
वाचनालयातून चार पु. आणली. खुनाची कादंबरी, हिमालयातलं प्रवासवर्णन, एका पहिलवानाचं आत्मचरित्र, एक कवितासंग्रह. मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, नजर गेल्यापासून संध्याकाळी त्यांना पुस्तक सांगणं हे माझं काम. घरात दुसरं कोणी वाचतच नाही. म्हणजे वाचत नव्हतं. आज धाकटी जाऊ, रेखा, म्हणाली, "ताई, एखांदं मले द्या ना." कवितांचं दिलं. म्हटलं, दोन पानांत झोपेल.

६ जाने.
खुनाची संपली. खुनी डॉक्टर, तिसऱ्या प्रकरणातच कळलं. लेखक त्याला सारखा हात धुवायला पाठवतो, मग काय होणार. दहापैकी चार. मामाजींना तसं सांगितलं. "बरं," म्हणाले, आणि रेखाला हाक मारली, "तुयं काय झालं वं?"
बाईसाहेब बाजेवर बसून सुरू. "मामाजी, हा बुवा पानोपानी पावसात भिजते, आन कोणी त्याले टावेल देत नाही." मामाजी खोकला लागेपर्यंत हसले. माझ्या चार गुणांवर कोणी हसलं नाही.
हे काय कवितेवरचं मत झालं? (झालं. संग्रह तसाच आहे. मीही वाचलाय. म्हणून तर जास्त राग आला.)

९ जाने.
प्रवासवर्णन: पहिली पंधरा पानं सामान बांधण्यात. याला डोंगर दिसला की देव आठवतो, फक्त चहा पिताना माणसासारखं लिहितो. सहा.
पहिलवान मात्र मनात बसला. त्याची आई बहिरी. जिंकून आला की तिला सांगायला ओरडावं लागायचं, म्हणून सगळ्या गल्लीला कळायचं. हरला की कुजबुजायचा. तिथं रडले मी. आठ. आणि मामाजींना काय सांगितलं, तर "शैली प्रांजळ आहे." प्रांजळ! शाळेत शिकवून शिकवून जिभेला हेच वळण लागलंय. मामाजींनी मान हलवली आणि तुरीच्या शेंगा सोलत बसले.

१३ जाने.
रे. आता मी नवीन आणलेली जहाजाची कादंबरी घेऊन बसलीय. कुठल्याशा थंड देशातली, भाषांतर. रोज थोडं थोडं सांगते. "मामाजी, कालची गोठ कोठवर आली होती?" मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "गोठ नाही गं, गोष्ट." पोरांना सांगावं तसंच निघालं तोंडातून. मामाजी म्हणाले, "राहू दे वं. गोठ चालू दे तिची."
पोळी करपली.
जळते मी. लिहून टाकलं एकदाचं. मी या घरात अठरा वर्षं आहे, ती तीन. सिरियल बघणारी पोरगी. पुस्तकं आणते कोण, वाचनालयात नाव कुणाचं?

१५ जाने.
हळदीकुंकू, माझं वाचन नाही. बायकाही रेखालाच विचारत होत्या, कप्तानाचं पुढं काय झालं. यांना कधीपासून कप्तान!
रे. नं शेवट सांगितला. कप्तान वादळातून घरी येतो, बायको रागानं बोलत नाही, पण भाकर आणि ठेसा पुढं ठेवते. मामाजींनी डोळे पुसले. मी उठून गेले.

१८ जाने.
जहाजाचं पु. परत करायचं म्हणून सहज उघडलं. पान ४९ पासून पुढची पानं वरच्या कडेला जोडलेली. छापखान्यात कापायचीच राहिलेली. म्हणजे कोणी उघडलेलीच नाहीत! पोरगी तिथवरच वाचून पुढचं मनानं सांगत होती.
विळीवर एकेक पान कापलं आणि एका बैठकीत वाचलं. कप्तान बुडतो. त्याचं लग्नच झालेलं नाही. बुडायच्या आधी तो बूट काढून डेकवर नीट जोडीनं ठेवतो. फार चांगलं पुस्तक. नऊ. पण खरा आनंद पुस्तकाचा झाला की ती सापडली याचा, ते इथंसुद्धा लिहवत नाही.

१९ जाने.
रे. शेतात तुरीचे सोले आणायला गेली तेव्हा मामाजींना सगळं सांगितलं. पानं हाताला लावून दाखवली.
"मले मालूम हाय," म्हणाले.
"काय मालूम आहे?"
"अवं, त्या जहाजावर ठेसा कोठून येईन? तेवढं समजते मले."
"मग तिला काऊन नाही बोललात?"
मग म्हणाले, "तू पुस्तकाले गुण देतेस आन मोकळी होतेस. मी काय परीक्षेले बसलो का? संध्याकाळ सरत नाही माही."
अठरा वर्षांत हे एकदा तरी त्यांनी मला सांगायचं होतं.

२१ जाने.
रे. माहेरी, सुलतानपूरला गेली. भावाच्या पोरीचं बारसं. घर शांत. बरं वाटतंय. का वाटू नये?
स्वयंपाकाचं पु. चाळलं. बाईला तिखटाची भीती आहे. तीन.

२३ जाने.
आज बाजेवर बसून मामाजींना जहाजाची खरी गोठ सांगितली. हो, गोठ. "मामाजी, पाणी गुडघ्यावर आलं, आन हा बुवा बूट काढून राह्यला." ते सरसावून बसले. "बूट काऊन काढले?" म्हटलं, पुस्तकात नाही सांगतलं. मग आम्ही दोघं अर्धा तास त्या बुटांवरच. ते म्हणे, कोणाच्या तरी कामी येतील म्हणून. मी म्हटलं, आईची शिस्त. चहा दोनदा झाला. असं कितीतरी दिवसांत बसलो नव्हतो. मला इतकं बरं वाटत होतं की पुढचं काय सांगावं, याचाच विचार करत होते.
तेवढ्यात म्हणाले, "हे बूट रेखाले सांगा लागते. कवा येते वं ती?"
परवा, म्हटलं.
खरं तर ती उद्या सकाळच्याच गाडीनं येतेय.