एका तिकिटाचे पॉइंट

सिडको एन-७, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

चि. इंद्रजीत,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक आहोत. तू, तनुजा आणि ऋतुराज मजेत असाल असं धरून चालते. व्हॉट्सअपवर तुला काही पाठवलं की निळी खूण येते आणि तू पुढच्या कामाला लागतोस, म्हणून हे कागदावर लिहून टोरांटोला स्पीड पोस्टानं पाठवते आहे. कागद निदान टेबलावर पडून तरी राहतो.

काम कार्डाचं आहे. तू बँकेतला माणूस. शिवाय हे विमानाच्या पॉइंटचं क्रेडिट कार्ड तूच मला घ्यायला लावलंस, म्हणून तुलाच विचारते. २०१८ च्या दिवाळीत तू आला होतास. इथंच दिवाणावर बसून फॉर्म भरलास आणि म्हणालास, "ताई, सगळा खर्च ह्या कार्डावर कर. दोन तिकिटांचे पॉइंट साठले की आईला घेऊन माझ्याकडं ये." त्यानंतर तू आला नाहीस, पण कार्ड मी इमानेइतबारे वापरलं.

पाटबंधारे खात्यातल्या वरिष्ठ लिपिकाचा खर्च तो किती असणार? दोन बायकांचं वाणसामान, लाइट बिल आणि आईच्या गोळ्या. त्या हिशेबानं दोन तिकिटं व्हायला माझी शंभरी उलटली असती. म्हणून मी दुसऱ्यांच्या खरेद्या माझ्या कार्डावर घ्यायला लागले. शेजारच्या गोजरबाईंचा फ्रीज माझ्या कार्डावर आला. पिशोरच्या कडुबामामांची पाण्याची मोटर आली, ठिबकचे पाइप आले. मामांची नात अमृता कॉलेजसाठी आपल्याकडं राहते, तिचा लॅपटॉप आला. गोजरबाईंच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधला तेव्हा गुलमंडीतला दुकानदार मला म्हणाला, "बाई, कित्ते घरां हैं तुमारे?" लोक मला रोख द्यायचे, मी वेळेवर बिल भरायची. पुढं पुढं तर लोक खरेदीला निघण्याआधी मला फोन करायचे. वच्छलाबाईला तिची लेक सुरेखा विमानात बसवणार हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. कोणी कधी कुरकुर केली नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये दोन तिकिटांचे पॉइंट पूर्ण झाले. मी तुला फोन केला, तेव्हा तुमच्या घराच्या फरश्या बदलायच्या चालल्या होत्या. पुढच्या वर्षी तनुजाचे आईवडील येणार होते. दरम्यान जुने पॉइंट तीन वर्षं झाली म्हणून आपोआप बाद होत गेले. आता एक लाख चोवीस हजार उरलेत. एका तिकिटाचे.

मी जूनमध्ये निवृत्त झाले. ह्या कार्डाची वर्षाची फी सहा हजारांच्या घरात आहे आणि ती पेन्शनीतून भरणं मला परवडणारं नाही. बँकेतली सोनिया नावाची मुलगी फोन करते, बोलायला गोड आहे. ती म्हणते, मॅडम, कार्डाचा प्रकार बदलून घ्या, पॉइंटऐवजी पैसे परत देणारं घ्या. त्यात दोन आहेत. पहिलं किराणा, मेडिकल आणि लाइट बिलावर शंभराला पाच रुपये परत देतं, पण महिन्याला पाचशेच्या वर नाही. दुसरं मोबाइलवरून मागवलेल्या कुठल्याही वस्तूवर पाच देतं, दुकानात गेलं तर एकच. दोन्हीची फी नावापुरती. कुठलं घेऊ ते तू सांग.

प्रकार बदलला की विमानाचे पॉइंट संपतात. पॉइंटाला पंचवीस पैसे धरून ते बिलातून वजा करतात. ३१ मार्चपर्यंत ठरवायचं आहे, कारण एप्रिलला फी लागते.

आणखी एक. आईला आता विमान झेपणार नाही आणि मी एकटी तिकडं येऊन काय करू? पण सोनिया म्हणाली की तिकीट कुणाच्याही नावावर काढता येतं. तर तुझ्या नावावर काढू का? टोरांटो ते मुंबई, येण्याजाण्याचं. तुला तिकिटाचे पैसे जड आहेत असं मला म्हणायचं नाही. इतक्या लोकांच्या फ्रीज-मोटरींतून जमलेलं आहे ते, एवढंच. तारखा कळव म्हणजे सोनियाला सांगते.

आईची तब्येत वयाप्रमाणे. बाकी सगळं क्षेम.

तुझी,
ताई


२ मे २०२५

इंद्रजीत,

तुझा मेसेज नऊ फेब्रुवारीला मिळाला. अकरा ओळी होत्या, आकडे टाकून मुद्दे केले होते आणि खाली एक लिंकही होती. तू लिहिलंस, पहिल्या कार्डात महिन्याला दहा हजारांच्या पुढं फायदा थांबतो, पण ताई, तुझा खर्च तेवढा नाहीच. तू दुकानातून घेणारी, म्हणून दुसरं तुझ्या कामाचं नाही. आईची औषधं ॲपवरून मागवणार असशील तरच दुसऱ्याचा विचार कर. शेवटी "आईला नमस्कार" आणि जोडलेल्या हातांचं चित्र. सगळं बरोबर समजावलं होतंस. बँकेत तुझं चांगलं चालत असणार.

तिकिटाबद्दल एक अक्षर नव्हतं. मी मेसेज तीनदा वाचला. वाटलं, कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल, मागाहून लिहील. मार्च संपेपर्यंत मी सोनियाला आज सांगते, उद्या सांगते करत राहिले.

जानेवारीच्या पत्रात मी तुझ्यापासून दोन गोष्टी लपवल्या होत्या, त्या आता सांगते.

पहिली, आईची तब्येत वयाप्रमाणे नव्हती. पाच जानेवारीला डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की हृदय पाव हिश्शानं काम करतंय, सहा महिने धरून चाला. तुला लिहिलं नाही, कारण घाबरून आलेला मुलगा मला नको होता. तुला यावंसं वाटतंय का, एवढंच मला बघायचं होतं. मी परीक्षा घेत होते म्हण हवं तर. घेतच होते.

दुसरी गोष्ट पुण्याची. डिसेंबरात तनुजाच्या बहिणीचा साखरपुडा झाला. अमृतानं तिच्या मोबाइलवर मला फोटो दाखवला. मरून कुर्ता घालून तू मधोमध उभा होतास, ऋतुराजच्या खांद्यावर हात ठेवून. चांगला दिसत होतास. त्यानंतरचे फोटोही मी एकेक करून पाहिले. अकरा दिवस तुम्ही पुण्यात होतात. पुण्याहून इथं यायला पाच तास लागतात, जेवायला थांबलं तर सहा. मी अमृताला बजावलं की आजीला ह्यातलं काही दाखवायचं नाही.

मला राग आला. अजून आहे. सहा वर्षं मी लोकांसोबत दुकानांतून कार्ड पुढं करत हिंडले, आणि तू माझी कीव करून मला एक खेळणं देऊन गेला होतास. पॉइंट पूर्ण होतील असं तुला वाटलंच नसणार. ते झाले तेव्हा तुझी पंचाईत झाली.

एकतीस मार्चला दुपारी सोनियाचा फोन आला, मॅडम, आज शेवटचा दिवस. मी दाराशी उभी राहून बोलत होते. आईनं आतून विचारलं, कोण आहे. मी तोवर तिला सांगत आले होते की इंद्रजीतच्या तिकिटाचं चाललंय, रजा मिळाली की येतोय. त्या दिवशी मला ते रेटवेना. म्हटलं, आई, पॉइंट सोडून देते आहे.

आई म्हणाली, "दे सोडून. त्यो पुन्याला आल्ता, हितं नाय आला."

गोजरबाईंनी तिला तो फोटो डिसेंबरातच दाखवला होता. त्यांना वाटलं, मुलगा आलाय म्हणून म्हातारीला आनंद होईल. मी विचारलं, इतके दिवस बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तू एवढं जमवीत व्हतीस. तुला कसं म्हनू?"

साडेतीन महिने आम्ही दोघी एका खोलीत एकच फोटो एकमेकींपासून लपवत होतो. ती रोज संध्याकाळी मला विचारायची, इंद्रजीतचं तिकिटाचं कुठवर आलं? ते ती माझ्यासाठी विचारत होती. मी पदर तोंडाला लावून रडले. आई रडली नाही.

मग मी पहिलं कार्ड घेतलं. तुझा सल्ला बरोबर होता. पॉइंटांचे एकतीस हजार झाले. त्यात वर-खाली होणारा पलंग घेतला, आता आईला रात्री धाप लागली की उशा रचाव्या लागत नाहीत. तिच्या औषधांवर शंभराला पाच रुपये परत मिळतात. महिन्याकाठी दोनशे-अडीचशे होतात.

हे पत्र मी लिहिणार नव्हते. आईनं लिहायला लावलं. काल पिशोरहून कडुबामामा आले होते. त्यांच्यासमोर ती पलंगावर टेकून बसली आणि मला म्हणाली, कागद घे. ती बोलली तसंच लिहिते.

"मी गेल्यावर त्याला कळव. पर वाट बघू नगं. मला बर्फावर ठिवायचं नाय. आग सुरेखा दील."

मामा म्हणाले, आक्का, पोरगा असताना असं कसं? लोक काय म्हणतील? आई माझ्याकडंच बघत राहिली. मग मामाच म्हणाले, "बरं. मी हुबा राहीन तिच्या मागं."

मी हो म्हणाले. त्यामुळं इंद्रजीत, माझा तो फोन येईल तेव्हा तिकीट शोधायला बसू नकोस. तू विमानतळावर पोचायच्या आत इथलं सगळं झालेलं असेल. त्याआधी यायचं असेल तर दार उघडं आहे. पैसे तुझे तू घाल.

सुरेखा