"या" म्हणू नये

५ जानेवारी
पोचलो एकदाचा! बोटीने आतडी पिळून काढली, पण खोली झकास आहे. पलंग, हीटर आणि टोपीसाठी खुंटीसुद्धा. दक्षिण ध्रुवाजवळच्या या ठाण्यावर आम्ही चौघंच: डॉक्टरीणबाई, मेकॅनिक, आचारी आणि मी दगडफोड्या. निघताना बायकोला "येतो" म्हणालो. ती "या" म्हणाली आणि लगेच आत वळली. रडताना दिसायचं नसतं तिला. मार्चमध्ये घरी, असं लेकीला कबूल करून आलोय.

९ जानेवारी
दिवसभर काळा खडक फोडला. बोटं इतकी बधिर, की कप हातात आहे हे बघून कळतं. माझ्या जागी आधी होता तो भूवैज्ञानिक गेल्या वर्षी बर्फात नाहीसा झाला, असं मेकॅनिकने जेवताना सांगितलं. ही खुंटी त्याचीच. वाईट वाटलं, पण जेवलो पोटभर.

१४ जानेवारी
आम्ही चौघंही आत असताना वायरलेसवर पुरुषाचा दमलेला आवाज आला, "येतो." मी सवयीने बोलून गेलो, "या." आचाऱ्याचा डाव पातेल्यातच थांबला. तो नाहीसा झालेला भूवैज्ञानिक शेवटचं बाहेर पडताना हेच म्हणाला होता म्हणे, आणि तेव्हापासून अधूनमधून म्हणतो. कुणीच उत्तर देत नाही.
"बोलावल्याशिवाय येत नाही तो," आचारी म्हणाला.
मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही.

१७ जानेवारी
खुंटीवर ओली टोपी. माझी नाही. डाव्या हाताला कोपरापर्यंत काही कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली, रक्त आलं, मला पत्ताच नाही. भीती वाटायला हवी. तीही वाटत नाही.

२० जानेवारी
जीभ जड झालीय. मेकॅनिक चुकून मला त्या नाहीशा झालेल्याच्या नावाने हाक मारतो. मी ओ देतो —

२२ जानेवारी
बायकोचा फोन. लेक मागून विचारत होती, बाबा कधी येणार. मला सांगायचं होतं — दार उघडू नकोस, मी वाजवलं तरी — ओठ हलेनात. मग माझ्याच तोंडून तो दमलेला आवाज — "येतो."
किती दिवसांनी हसली बायको. म्हणाली, "या."
आता उजवा हातही —