बर्निसने चाटलेलं चित्र

प्रिय लोर्ना वन्संना,
आर्डिसचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मायलोभावजींचा खोकला गेला, की अजून चर्चमध्ये ऐन प्रवचनातच उसळतो? आंधळ्या कुत्र्याला जिना सापडतो ना? आणि ती खाष्ट शेळी, हुल्डा, अजून आहे ना? (तिची चौकशी अगदी मनापासून करतेय.)

मी ठीक. तुमचे बंधुराज जेवतात, असं म्हणायचं. पानगळीत सगळ्या गाई विकल्या तेव्हापासून हॅरल्ड बोलेनासे झालेत. पहाटे धारांच्या वेळेला उठतात आणि गोठ्यात बादली उपडी घालून नुसते बसून राहतात. एकटी बर्निस मागे ठेवली होती, म्हातारी, आटलेली. नाताळानंतर तीही खंगायला लागली. म्हटलं, आहे तोवर तिचं चित्र काढून ठेवावं. (फोटो एका क्षणात होतो, चित्राच्या निमित्ताने जनावरापाशी दिवसभर बसता येतं.)

म्हणून गावच्या ग्रंथालयात जलरंगांच्या वर्गाला जाऊ लागले. शिकवणाऱ्या वांडाबाई जन्मात गोठ्यात गेलेल्या नाहीत, पण बाई मनाने चांगली. माझं पहिलं डुक्कर हुबेहूब आमच्या पाद्रीबुवांसारखं झालं. तेही वर्गात असतात. त्यांनी कौतुकाने विचारलं, "आर्डिसबाई, हे कोण?" मी म्हटलं, "माझे काका." मेंढी काढली तर पावाचं पीठ फुगलंय असं वाटलं. तिथे मला कळलं की जलरंगांत पांढरा रंग लावत नाहीत, कागदच कोरा सोडतात. म्हणजे आपल्या काळ्यापांढऱ्या गाईत निम्मी गाय न काढताच होते. मला ही विद्या फार पटली.

मग गुरांचे डॉक्टर म्हणाले, आता बर्निसचे हाल करू नका. तिला न्यायला माणूस सोमवारी येणार ठरलं. रविवारी मी कागद घेऊन गोठ्यात बसले. हॅरल्ड बादलीवर, माझ्याकडे पाठ करून. चित्र बरं जमलं. मागे बर्फ पडतोय असं दिसावं म्हणून वांडाबाईंनी शिकवल्याप्रमाणे ओल्या रंगावर मीठ भुरभुरलं आणि वाळायला कागद गव्हाणीवर टेकवला. बर्निसने मान लांबवली आणि जीभ फिरवली. बर्फ गेला, तोंड गेलं, पुढचा पाय गेला.

"जन्म गाईंत गेला तुझा," हॅरल्ड म्हणाले, "आणि तिच्या तोंडापुढे मीठ ठेवतेस? अक्कल कुठे विकलीस, गाईंबरोबर?" पानगळीनंतरचं त्यांचं पहिलं सबंध वाक्य! मला इतका आनंद झाला की उलट बोलायचंच राहिलं.

सोमवारी त्यांनीच तिला दाव्याने धरून गाडीपर्यंत नेलं. परत आले ते दावं हातात घेऊन. अजून ते खुंटीला अडकवलेलं नाही.

तुमची,
आर्डिस

ता. क. चित्र मी पुन्हा रंगवणार होते. हॅरल्डनी ते तसंच स्वयंपाकघरात लावलंय. म्हणतात, "हात लावू नकोस. तेवढं तिने केलंय."

ता. क. २. वन्सं, हुल्डाला आमच्याकडे पाठवाल का? हॅरल्डना सांगा की आर्डिसला शेळीचं चित्र शिकायचंय. मला काही शिकायचं नाही. माझी शेळीही पाद्रीबुवांसारखीच होणार. पण पहाटे त्या गोठ्यात वैरण मागणारं कुणीतरी हवं. ती लाथा मारते हे मला ठाऊक आहे. मारू दे. निदान हे तिच्यावर ओरडतील तरी. लवकर कळवा, दावं अजून त्यांच्या हातातच आहे.