सहा-चोवीसचा झेंडा

नांदेड,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

सुकन्यावहिनी,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुम्ही पत्र न उघडताच ठेवून द्याल अशी भीती होती, म्हणून पत्ता सौदामिनीकडून लिहून घेतला. ही लबाडी आधीच कबूल करून टाकतो.

मुदखेड काही लांब नाही, पाऊण तासाची वाट. वर्षभरात तीनदा निघालो. दोनदा स्टेशनावरून परत फिरलो, एकदा तुमच्या दारापर्यंत आलो. तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहूनच "बोला" म्हणालात आणि मी वैष्णवीच्या परीक्षेचं काहीतरी विचारून निघून आलो. फोन तुम्ही उचलत नाही. उचलला असता तरी माझ्याच्यानं बोलणं झालं नसतं. पंचवीस वर्षं वर्गात बडबड करून पोट भरणाऱ्या माणसाची ही गत.

इकडं तसं सगळं ठीक. सौदामिनीची शुगर आटोक्यात आहे, फक्त ती पेढा बघितला की आटोक्यात राहत नाही. वैष्णवी दर रविवारी होस्टेलवरून जेवायला येते. तिची काळजी करू नका, मागच्या रविवारी वरणफळं तीनदा मागून घेतली. आमच्या धावण्याच्या ग्रुपात आता सातच जण उरलेत. विष्णुपुरीपर्यंत जातो आणि येतो. घड्याळ कुणी लावत नाही. आठवड्याचं वेळापत्रक मी करायचो, कुणी कधी किती पळायचं, कधी झोपायचं, सगळं. तेही आता करत नाही.

वरणफळं खाता खाताच वैष्णवी म्हणाली, "काका, पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध हाय. आई म्हणती, तुम्ही करा, मी बसणार न्हाई." मग हळूहळू बाकीचंही सांगितलं. फोटो तुम्ही कपाटात पालथा ठेवलाय. आणि तुम्ही तिला म्हणालात, "माणूस गेला त्याचं दुःख हाय. पण मला शब्द देऊन, बूट लपवून नेऊन, फसवून गेला. त्याच्या फोटोला मी हार कसा घालू?"

सौदामिनी ताट उचलून आत गेली. मी हात वाळेपर्यंत तसाच बसलो.

दयानंद तुम्हाला फसवून गेला नाही, वहिनी. हे एक वाक्य लिहायला मला अकरा महिने लागले.

आता नीट सांगतो. मधेच पत्र ठेवू नका.

त्याला डेंग्यू झाला तो दिवाळीनंतर. चार दिवस दवाखान्यात काढले, तुम्ही रात्रंदिवस बसलात. डॉक्टर म्हणाले, दोन महिने पळायचं नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तो स्वतः बूट घेऊन माझ्याकडं आला. "राघू, हे तुझ्याकडं ठेव. घरात दिसले की पाय वळवळतात." तुम्हाला हे ठाऊक आहे, त्यानंच सांगितलं होतं. तुम्ही पुढं असं धरून चाललात की तिथूनच त्यानं ते गुपचूप गाडीत घातले आणि लातूरला नेले. तसं झालेलं नाही. ते बूट आजही माझ्या कपाटात आहेत. ऑक्टोबरातली विष्णुपुरीच्या रस्त्याची माती अजून तळाला आहे.

माझ्या वेळापत्रकात एक रकाना होता, सकाळी उठल्या उठल्या मोजलेल्या नाडीचा. धावणारा माणूस पुरता सावरला की नाही ते त्यावरून कळतं. दयानंदची नाडी एरवी चोपन्न. मोजणी खात्यातला माणूस, मोजायला कधी चुकायचा नाही; आजारपणातही रोज आकडा पाठवायचा. तापानंतर बाहत्तर होती. लातूरच्या शर्यतीच्या आधीच्या शुक्रवारी सहासष्ट. मी तो आकडा बघितला होता. सहासष्ट म्हणजे अजून बरा नाही, हे मी त्या ग्रुपातल्या प्रत्येकाला फळ्यावर लिहून शिकवलंय.

तो लातूरला आला तो नुसता माझ्यासाठी. मी पेसर होतो. पेसर म्हणजे पाठीवर वेळेचा झेंडा लावून एकसारख्या वेगानं पळणारा माणूस. त्याच्या मागं मागं पळणारे त्या वेळेत पोचतात. माझा झेंडा सव्वादोन तासांचा. एकवीस किलोमीटर, दर किलोमीटरला सहा मिनिटं चोवीस सेकंद, ना कमी ना जास्त. तीन वर्षं मी तो झेंडा नेला आणि अर्ध्या मिनिटाच्या वर कधी चुकलो नाही. हे मी किती वेळा सांगायचो ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही दोघं त्यावरून मला चिडवायचात.

त्या आठवड्यात मी एक मूर्खपणा केला होता. शर्यतीच्या आधी सगळ्यांना आराम सांगायचा आणि गुरुवारी स्वतः एकट्यानं दहा किलोमीटर जोरात पळायचं. कशाला? बघायला, की पन्नाशीनंतरही जमतं का. पोटरी धरली. मी कुणाला बोललो नाही. रविवारी पहाटे मैदानावर अंग गरम करताना तीच पोटरी अशी आवळली की पाय टेकवेना.

आयोजकांना सांगता आलं असतं. माझ्या मागं आमच्या ग्रुपातले बारा जण पळणार होते, शिवकन्या तर पहिल्यांदाच. आजवर मी स्वतःलाही हेच सांगत आलो, की त्यांच्यासाठी केलं. पण ते बारा जण दुसऱ्या झेंड्यामागं गेले असते, काही बिघडत नव्हतं. मला पेसरांच्या यादीतून माझं नाव जाऊ द्यायचं नव्हतं, वहिनी. पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत, एवढीच भीती. दुसरं काही नव्हतं.

दयानंद माझी पिशवी धरून उभा होता. चपला घालून. त्या तपकिरी, मोजणीला जाताना घालायचा त्या.

मी म्हणालो, "दया, तू ने झेंडा."

तो म्हणाला, "येडा झालास का? सुकन्येला शब्द देऊन आलोय मी. बघ की, चपलेवर आलोय."

"दहाच किलोमीटर. तुझ्याइतका एकसारखा कुणी पळत न्हाई. दहाला झेंडा शिवकन्याकडं दे अन् गाडीत बसून ये."

"न्हाई राघू. तिनं निघताना पिशवी उघडून बघितली माझी. लई घाबरलीय ती."

"तिला कशाला कळतंय? छातीवर नंबर माझा, यादीत नाव माझं येणार."

हे मी बोललो. नंबर माझा लावायची युक्ती माझी. तुम्ही समजता त्यानं नाव लपवायला माझा नंबर घेतला. तो तर पिशवी खाली ठेवून निघाला होता. मी हात धरला. म्हणालो, दहा वर्षांच्या दोस्तीत तुला कधी काही मागितलं नाही. मग तो थांबला. "लई चिकट हायस तू," म्हणाला आणि पाय पुढं केला. मी माझे बूट काढून दिले. आम्ही दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच मापाचे निळे बूट घेतले होते, ते तुम्हाला आठवत असेल. लातूरच्या दवाखान्यात तुमच्या हातात दिलेले बूट माझे आहेत. ठेवले असतील तर उजव्या बुटाची जीभ उलटून बघा, खाली बॉलपेननं 'रा' लिहिलंय.

दहाला तो थांबला नाही. शिवकन्या सांगते, चौदापर्यंत बांधाच्या भांडणाचे किस्से सांगून सगळ्यांना हसवत होता. सोळाला गप्प झाला. अठराव्या किलोमीटरला झेंडा काढून तिच्या हातात दिला, "सहा-चोवीस सोडू नको पोरी," म्हणाला आणि दुभाजकावर बसला. तिला वाटलं, ठरल्याप्रमाणे थांबला. ती पळत गेली आणि सव्वादोनच्या आत पोचली. त्यानंतर ती एकदाही पळालेली नाही.

छातीवरच्या नंबराच्या मागं घरच्या माणसाचा फोन लिहून ठेवायचा, हा नियम मीच लावला होता. शर्यतीआधी प्रत्येकाचा कागद उलटून बघायचो. त्या कागदामागं सौदामिनीचा नंबर होता. आठच्या सुमाराला तिला फोन गेला, तुमचे मिस्टर कोसळलेत. तिनं रडत रडत माझ्या फोनवर फोन केला, कुणी उचलेल म्हणून. मी उचलला. "अगं, मी इथं हाय, मला काय झालंय?" म्हणालो. ती हसायला लागली. देवाचं नाव घेत हसत होती. मीही सुटकेचा निःश्वास टाकला. मग एकदम आम्हा दोघांनाही कळलं की मग तिकडं कोण आहे. त्या हसण्याबद्दल सौदामिनी अजून स्वतःला माफ करत नाही. तुमच्यासमोर यायला ती का कचरते, ते यामुळं.

तुम्ही दुपारी पोचलात. सगळं संपलं होतं. नर्सनं बूट दिले आणि तुम्ही मला विचारलं, "बूट कुठून आले?" मी म्हणालो, "आणले असतील त्यानं."

एवढंच म्हणालो. त्या वेळी तुमच्या तोंडावर जे झालं ते मी बघितलं. तिथल्या तिथं फिरवता आलं असतं. चपला माझ्या गाडीच्या डिकीत होत्या, शंभर पावलांवर. मी गेलो नाही. दहाव्याला सांगू म्हणालो, तेराव्याला सांगू म्हणालो, मग तुम्ही मुदखेडला बदली घेतली आणि मी मनात म्हणालो, बरं झालं. आता चपला आणि त्याचे खरे बूट, दोन्ही माझ्याकडं आहेत. वैष्णवीच्या हाती पाठवणार होतो, पण तिला तुमच्या आधी कळणं बरोबर नाही. तिला काय सांगायचं, कधी सांगायचं, ते तुमच्या हातात. तिनं माझ्याकडं जेवायला यायचं का नाही, तेही.

तापानंतर हृदयाला सूज होती, असं डॉक्टर म्हणाले. घरात बसला असता तर दीड-दोन महिन्यांत उतरली असती, असंही म्हणाले. मी विचारलं होतं. विचारायला नको होतं असं कितीदा वाटलं.

वर्षश्राद्धाला तुम्ही बसावं. त्यानं शेवटी पाय पुढं केला, तेवढा दोष त्याचा आहे आणि तो मी लपवत नाही. पण घरातून निघताना दिलेला शब्द खरा होता. तुम्ही बघितलेली त्याची पिशवी खरंच रिकामी होती. रागाला जागा हवी असेल तर मी आहे. चार लोकांत, श्राद्धाच्या मांडवात, सगळ्यांसमोर विचारा, मी उभं राहून सांगेन.

इथं पत्र संपवायचं ठरवलं होतं. सहीही केली होती, ती खोडलेली दिसेल. एक गोष्ट राहिली आहे. ती सौदामिनीलाही माहीत नाही.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. तोंडावर मास्क होता, पण बोलत होता. मला बघून पहिलं काय म्हणाला तर, "सुकन्येला फोन केलास का?"

मी म्हणालो, "केला. निघालीय."

"रागावली का?"

"न्हाई."

"मंग लईच रागावली असंल," म्हणाला आणि हसला.

मी फोन केला नव्हता, वहिनी. मला वाटत होतं, तासाभरात उठून बसेल, आपण गाडीत घालून नेऊ आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. सव्वानऊला डॉक्टर बाहेर येऊन माझ्याकडं बघायला लागले, तेव्हा केला. मधला पाऊण तास तो बोलत होता. नांदेडहून तुम्ही पोचू शकला नसता, पण फोन कानाला लावला असता तर तुमचा आवाज त्याला ऐकू आला असता आणि त्याचा तुम्हाला. तो पाऊण तास तुमच्या दोघांचा होता आणि मी तो दिला नाही. याची माफी मागण्याइतकं तोंड मला नाही, म्हणून मागत नाही.

तो दाराकडं तोंड करून पडला होता. कुणी आत आलं की मान उचलायचा. तुम्ही वाटेत आहात असं समजून गेला तो.

तुमच्या माणसाचा एके काळचा मित्र,
राघवेंद्र